दोन चमचे थिनर: रंगाऱ्यांच्या ग्रुपवरच्या मेसेजला उत्तर

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला चार ग्रुपवरून आला. पॉलिशवाले, गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करणारे, फर्निचरचे ठेकेदार, सगळीकडे तोच फिरतोय. त्याचा सारांश असा: आताच्या थिनरमध्ये, म्हणजे रंग-पॉलिश पातळ करायच्या द्रवात, बेंझिन नसतं, म्हणून तो निर्धोक. वास जाणवत नसेल तर काळजी नाही. ओला रुमाल तोंडाला बांधला की पुरे. काम संपल्यावर गूळ खाऊन वर ग्लासभर दूध प्यायचं, छातीतली वाफ उतरते. हाताचा रंग काढायला थिनरच उत्तम. जवळ विडी-काडी नसेल तर आगीची भीती नाही. आणि रिकामा ड्रम म्हणजे नुसता पत्रा, खुशाल कापा.

मी एकोणीस वर्षं स्प्रे पेंटिंगच्या धंद्यात आहे. त्यातली शेवटची सात वर्षं नव्या पोरांना काम शिकवण्यात गेली. यातलं पहिलं वाक्य सोडलं तर बाकीचा मेसेज एखाद्या पोराच्या जिवावर उठू शकतो, म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देतोय.

पहिलं वाक्य निम्मं खरं आहे. थिनरमध्ये मुख्यतः टोल्युइन असतं, सोबत ॲसिटोन, ब्युटिल ॲसिटेट, एखादं अल्कोहोल. प्रमाण कंपनीगणिक बदलतं. बेंझिनने रक्ताचा कर्करोग होतो हे सिद्ध झालंय, टोल्युइनवर तो ठपका नाही. पण कर्करोग होत नाही म्हणजे काहीच होत नाही, असं कसं? टोल्युइन मेंदूवर जातं. आधी डोकं जड होतं, मग गरगरतं, मळमळतं, जीभ अडखळते, जिना उतरताना पाय चुकतो. नशेसाठी वर्षानुवर्षं हुंगणाऱ्यांचा मेंदू कायमचा अधू होतो आणि काही जणांचं हृदय एकाएकी बंद पडतं. कानांचंही नुकसान होतं: कॉम्प्रेसरचा आवाज आणि टोल्युइन एकत्र आले की नुसत्या आवाजाने होईल त्यापेक्षा ऐकू येणं जास्त कमी होतं. आमच्या धंद्यातले जुने लोक मोठ्याने बोलतात, त्याचं एक कारण हेही असावं असं मला वाटतं.

बिनलेबलच्या सुट्ट्या थिनरबद्दल तर मेसेजमध्ये एक अक्षर नाही. त्यात मिथेनॉल असू शकतं. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरहून जास्त माणसं गेली, ती याच मिथेनॉलमुळे. ते पोटात जावंच लागतं असंही नाही, कातडीतून आणि श्वासातूनही अंगात शिरतं. लेबल नसलेला कॅन कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. घ्याल त्या थिनरचा एसडीएस, म्हणजे सुरक्षिततेचा माहितीकागद, दुकानदाराकडे मागा. सोळा भागांचा असतो. सगळा वाचणं झालं नाही तर निदान घटक, प्रथमोपचार आणि आग विझवणं हे भाग वाचा.

आता वास. माणसाच्या नाकाला टोल्युइन फार लवकर कळतं, हवेच्या दहा लाख भागांत थोडे भाग असले तरी. अडचण पुढे आहे. काही मिनिटांत नाक त्याला सरावतं आणि वास येईनासा होतो. वाफ तेवढीच असते, बहुधा वाढलेलीच असते. बाहेरून चहा घेऊन येणारा दारातच नाक मुरडतो आणि आत तीन तास बसलेला म्हणतो, कुठे काय वास येतोय? आमच्याकडे आता नियमच आहे. आतल्याला विचारायचं नाही, बाहेरून आलेल्याला विचारायचं.

एक हिशेब मांडतो, तो मला स्वतःला करून बघेपर्यंत पटला नव्हता. दहा बाय आठची खोली घ्या, उंची नऊ फूट. आत साधारण २० घनमीटर हवा. एक लिटर टोल्युइन पूर्ण उडालं की त्याची सुमारे २३० लिटर वाफ होते. आपल्या १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टच्या तक्त्यात टोल्युइनची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने १०० पीपीएम दिली होती, म्हणजे दहा लाखांत शंभर भाग. खिडक्या बंद असतील तर या खोलीत १०० पीपीएम व्हायला किती टोल्युइन उडावं लागतं? ९ मिलिलिटर. चहाचे दोन चमचे. अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांची संघटना तर २० पीपीएमच सांगते. ५०० पीपीएमला जिवाला तत्काळ धोका मानतात, तिथे पोहोचायला अर्धा कपही लागत नाही. आणि आपण एका बंद बेडरूममधल्या कपाटाला पॉलिश मारताना लिटरच्या हिशेबात थिनर उडवतो.

ओल्या रुमालाचं उत्तर यातच आलं. रुमाल धूळ अडवतो, रंगाचे तुषार थोडेफार अडवतो. वाफ हवेसारखीच आहे, जिथून तुमचा श्वास जातो तिथून तीही जाते. एन-९५ सुद्धा कणांसाठी आहे, वाफेसाठी नाही. वाफेला लागतो तो कोळशाच्या काडतुसांचा, म्हणजे वाफ शोषणाऱ्या छोट्या डब्यांचा, मुखवटा, ज्यावर ‘ऑर्गॅनिक व्हेपर’ साठी असल्याचं लिहिलेलं असतं. तो चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे, दाढीवर बसत नाही. काम थांबलं की काडतुसं हवाबंद पिशवीत ठेवायची. उघडी खुंटीला टांगली तर कोळसा तिथेच भरून जातो. आणि मुखवट्याच्याही आधी हवा. दारातून ताजी हवा आत ढकला, समोरची खिडकी उघडी ठेवा. खिडकीत साधा एक्झॉस्ट लावून वाफ त्यातून ओढू नका, त्याच्या मोटरची ठिणगी त्या वाफेतच पडेल.

गूळ-दुधाबद्दल लिहिताना मला जपून लिहायचंय, कारण ते सांगणारे बहुतेक जण प्रेमाने सांगतात. माझे वडील रंगारी होते. संध्याकाळी घरी आले की आई आधी गुळाचा खडा हातावर ठेवायची, मग पाणी. ती काळजी खरी होती. पण वाफ छातीत साचून राहत नाही की गुळाने खाली उतरावी. फुफ्फुसातून ती थेट रक्तात जाते, रक्तातून मेंदूत. गूळ आणि दूध जातं पोटात, दोघांची गाठच पडत नाही. अंगात गेलेलं टोल्युइन यकृत मोडतं, त्याचं हिप्युरिक आम्ल होऊन लघवीवाटे बाहेर पडतं, आणि त्याला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागतोच. गूळ खा, दूध प्या, काही बिघडत नाही. पण त्याच्या भरवशावर खिडकी बंद ठेवू नका.

कुणी चुकून थिनर प्यायला तर मात्र दूध पाजू नका आणि ओकारी तर अजिबात काढू नका. हे होतं, कारण साइटवर पाण्याच्या बाटलीत थिनर ठेवायची वाईट सवय आहे. ओकताना थिनर श्वासनलिकेत गेला की फुफ्फुसं भाजल्यासारखी होतात, आणि ते पोटातल्या थिनरपेक्षा घातक. १०८ ला फोन करा, माणसाला मोकळ्या हवेत न्या, शुद्ध हरपली असेल तर कुशीवर वळवा, कॅन किंवा लेबल सोबत द्या. कुणी टाकीत किंवा तळघरात कोसळला असेल तर त्याच्यामागे धावत आत उतरू नका. आधी हवा सोडा, अग्निशमन दलाला बोलवा. दुसरा जीव असाच जातो.

हात धुण्याचं थोडक्यात सांगतो. थिनर रंगासोबत कातडीतलं तेलही काढतो. आमच्या एका जुन्या पॉलिशवाल्याचे तळहात उन्हाळ्यातल्या काळ्या शेतासारखे भेगाळले होते. वरणभात हाताने खाताना मिठाने झोंबायचं म्हणून तो चमचा वापरायचा. रंग ओला असतानाच खोबरेल चोळा, चिंधीने पुसा, मग साबण. कामाआधी हातमोजे घालाल तर याचीही वेळ येणार नाही.

आता आग. जवळ काडी नको हे बरोबर, पण ‘जवळ’ म्हणजे किती? टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो, ४ अंश सेल्सिअस आहे, म्हणजे महाबळेश्वरच्या थंडीतही त्याची वाफ पेटू शकते. वाफ हवेच्या तिप्पट जड. ती जमिनीलगत सरकते, दाराच्या फटीतून पलीकडे जाते. घरात माणसं राहत असताना फर्निचरला पॉलिश चाललेलं असतं, देवघरात समई तेवत असते, स्वयंपाकघरात गॅस. वाफ तिथे पेटते आणि ज्योत त्याच वाटेने उलटी कॅनपर्यंत येते. ठिणगी फ्रिजची, स्विचची, ग्राइंडरची, कुणाचीही चालते. थिनर प्लास्टिकच्या कॅनमधून धार धरून ओतला तर त्याच्या स्वतःच्या घर्षणाने वीज साठते आणि तीसुद्धा पुरते. म्हणून धातूचा डबा, दोन्ही डबे तारेने जोडलेले, अर्थिंग केलेलं, आणि सावकाश ओतणं. पेटलंच तर पाणी मारू नका. टोल्युइन पाण्यावर तरंगतं, आग पाण्याबरोबर खोलीभर पसरते. पावडरचा सिलिंडर किंवा कोरडी वाळू वापरा.

राहिला ड्रम. २०० लिटरच्या ड्रममध्ये पेटण्याजोगं मिश्रण व्हायला किती टोल्युइन लागतं? हवेत १.१ टक्का वाफ पुरते, म्हणजे २.२ लिटर वाफ, म्हणजे पुन्हा तेच दोन चमचे. उपडा करून निथळला तरी कडेच्या घडीत तेवढं उरतं. पेट्रोलच्या टाकीत बहुतेक वेळा वाफ इतकी दाट असते की पेटायला हवाच कमी पडते. टोल्युइनचं तसं नाही. आपल्या नेहमीच्या तापमानाला बंद ड्रममधली त्याची वाफ नेमकी पेटण्याच्या पट्ट्यात असते.

मी काम करायचो तिथे एकदा पाण्यासाठी ड्रम हवा होता. वेल्डरने झाकण उघडून आत वाकून पाहिलं, कोरडा दिसला, दोन बादल्या पाणी फिरवून ओतून टाकलं. दुपारी जेवण झाल्यावर त्याने गॅस कटर लावला. मी अंगणापलीकडे सँडपेपर भिजवत होतो. आवाज ऐकू आला त्याआधी पायाखालची फरशी हलली. ड्रमचं वरचं तोंड सिमेंटच्या पत्र्यातून आरपार वर गेलं आणि शेजारच्या गाळ्यावर पडलं. वेल्डर वाचला. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

आमच्याकडे आता रिकामा ड्रम झाकण घट्ट लावून पुरवठादाराकडे परत जातो आणि पाण्याची टाकी प्लास्टिकची, नवी विकत आणलेली आहे.