मॉल, आई आणि सरकता जिना

आईच्या मोतीबिंदूच्या डॉक्टरांनी दवाखाना हलवला आणि नवा पत्ता व्हॉट्सअपवर पाठवला, तो मी तीनदा वाचला. आमच्या इथल्या मॉलमध्ये, दुसरा मजला, पूर्वी जिथे ब्रँडेड शर्टांचं दुकान होतं ना तिथे. आईला सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "मॉलमध्ये? म्हणजे तो जिना?" वीस वर्षं झाली त्या गोष्टीला, पण आमच्या घरात 'तो जिना' म्हटलं की कुठला हे विचारावं लागत नाही.

मॉलचं नाव सांगत नाही, बिचाऱ्याचे आधीच हाल चाललेत, त्यात माझी भर कशाला.

आमच्या घराण्याचं आणि मॉल या प्रकाराचं पहिल्यापासून जरा फाटलेलंच आहे. १९९९ साली हाजी अलीजवळ पिरामलांचा क्रॉसरोड्स उघडला, आधी औषधाची कंपनी होती त्या जागेवर, आणि मुंबईने पहिल्यांदा असा सगळीकडून बंद, आत थंडगार, काचेचा बाजार बघितला. लोकांची झुंबड उडाली, पण खरेदीला कोण येतंय, लोक यायचे एसी खायला आणि सरकत्या जिन्यावरून वरखाली करायला. मग गर्दी आवरेना म्हणून त्यांनी नियम काढला की आत कोणाला सोडणार, तर ज्याच्याकडे मोबाइल आहे किंवा क्रेडिट कार्ड आहे त्याला, आणि यातलं काहीच नसेल त्याने ६० रुपये भरायचे, ते खरेदी केली तर वळते होणार. आता १९९९ मध्ये मोबाइल म्हणजे काय चीज होती हे आजच्या पोरांना सांगून पटत नाही, तेव्हा आलेल्या फोनचेसुद्धा पैसे पडायचे, त्यामुळे लोक खिशात मोबाइल ठेवून पीसीओवरून, म्हणजे सार्वजनिक फोनवरून, फोन करायचे. माझ्याकडे पेजर होता, त्यावर नुसते निरोप यायचे, बोलता यायचं नाही. आमच्या ऑफिसात आठवडाभर चर्चा चालली होती की पेजरवाल्याला सोडतील का, एकाचं म्हणणं पडलं की पेजरला हाफ तिकीट असेल. बाबांनी मात्र निकाल लावून टाकला, "६० रुपये देऊन दुकानं बघायची? राणीच्या बागेत निदान हत्ती तरी असतो." झालं, आम्ही क्रॉसरोड्स बघितला तो बेस्टच्या बसमधून. तो नियम काही फार टिकला नाही, बोंबाबोंब झाली आणि मागे घ्यावा लागला, पण आमच्या मनात जी भीती बसली ती बसलीच. मॉल म्हणजे जिथे दारात आपली परीक्षा घेतात.

मग २००५ च्या दिवाळीत आमच्या उपनगरातही मॉल उघडला आणि तिथे मोबाइल-बिबाइल काही विचारत नाहीत अशी पक्की खबर आल्यावर आम्ही सहकुटुंब गेलो. आई पैठणी नाही पण तिच्या खालोखालची साडी नेसून, बाबा कडक इस्त्रीत, मी, आणि नवीन लग्न झालेली बायको जिला अजून आमच्या घराची पुरती कल्पना नव्हती. दारातच पहिला घात झाला. आईच्या पर्समध्ये वॉचमनला चिवड्याची पुडी सापडली. आईचा हिशोब सरळ होता, तिथे सगळं महाग असणार, मध्येच भूक लागली तर? वॉचमन म्हणाला बाहेरचं खाणं अलाउड नाही. आई म्हणाली, "बाहेरचं कुठाय, घरचं आहे."

यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं आणि खरं सांगायचं तर माझ्याकडेही नव्हतं. मागे रांग वाढत चालली, शेवटी आईने ती पुडी त्याच्याच टेबलावर ठेवली, "घे, खा तूच, सकाळपासून उभा असशील." तो नको नको म्हणत होता, पण आम्ही परत निघालो तेव्हा पुडी निम्मी झाली होती.

आणि आत शिरल्यावर समोर तो जिना.

निऱ्या एका हातात, दुसऱ्या हाताने माझा दंड घट्ट धरलेला, अशी आई त्याच्यासमोर उभी राहिली. उजवं पाऊल पुढे केलं, मागे घेतलं. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. आंघोळीचं पाणी कडकडीत आहे का ते बघतात ना, तसं. प्रत्येक पायरी जमिनीतून वर यायची आणि आई म्हणायची, "ही गेली." मग पुढची यायची, "हीपण गेली." मी म्हटलं अगं आई, तू दादरला संध्याकाळी सहाच्या गाडीत दोन पिशव्या घेऊन चढतेस, तिथे भीती वाटत नाही आणि इथे काय? तर म्हणाली, "गाडी थांबते तरी!" मुद्दा बरोबर होता.

बाबा तेवढ्यात जोशात पुढे निघून वर पोचले होते आणि कठड्यावरून वाकून सूचना देत होते, "अगं काही होत नाही, डोळे मीट आणि ये!" आता सरकत्या जिन्यावर डोळे मिटून कोणी चढतं का? आई खालून ओरडली, "तुम्ही आधी खाली या!" अख्खा मॉल आमच्या संसारात सामील झाला. बाबा पलीकडच्या जिन्याने खाली यायला निघाले, तोवर बायकोने शक्कल लढवून आईला मागच्या फायर एक्झिटच्या जिन्याने वर नेलं, म्हणजे आई वर आणि बाबा खाली. बाबांना कळलं तसे ते पुन्हा वर गेले, आई त्यांना शोधायला खाली आली. दोघांची गाठ पडायला पाऊण तास लागला आणि त्यात बाबांच्या सहा फेऱ्या झाल्या, आणि चौथ्या फेरीला माझ्या लक्षात आलं की हा माणूस हरवलेला वगैरे काही नाही, ह्याला मजा येतेय. खरेदी म्हणाल तर एक चिमटा घेतला. घरात चिमटा होता.

नंतर बाबा एकटेच मॉलचे भक्त झाले. २६ जानेवारी २००६ ला बिग बाजारने ते 'सबसे सस्ता दिन' काढलं आणि काही ठिकाणी गर्दी इतकी झाली की शटर ओढायची वेळ आली, त्या दिवशी झेंडावंदन करून बाबा थेट तिकडे गेले आणि चार बादल्या घेऊन आले. त्यातल्या दोन अजून बाथरूममध्ये आहेत. आई मात्र पुन्हा गेली नाही ती नाहीच.

एक मामांचं सांगायचं राहिलं. आमचे मामा गिरणीत होते, साचेखात्यात, १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा घरी बसले ते बसलेच. त्यांना एकदा लोअर परळला फिनिक्स मॉलमध्ये घेऊन गेलो, ती मूळची १९०५ ची गिरणी, मामांची नव्हे पण त्यांच्या पंचक्रोशीतली. दारात माझी बॅग तपासली, मामांच्या खिशांवरून ते यंत्र फिरवलं, तर मामा मला म्हणाले, "आमच्या टायमाला झडती बाहेर पडताना व्हायची. आत जाताना कोण विचारतंय!" मग आम्ही सगळे दुकानं बघत होतो आणि मामा गिरणीची चिमणी बघत होते. कॉफी घेता का विचारलं तर भाव वाचून चहा घरी घेऊ म्हणाले.

असो. तर गेल्या मंगळवारी आईला घेऊन गेलो. दारात ती मेटल डिटेक्टरची चौकट उभी आहे पण तिची वायर गुंडाळून वर खोचून ठेवलीय, आम्ही तिच्यातून गेलो तर ती गप्प. पर्स कोणी उघडायलाही सांगितली नाही, आई थोडी हिरमुसलीच. आत मधल्या चौकात कारंजं होतं तिथे आता कोरडा हौद आणि त्यात एक बादली, छतातून टपटप पडतंय ते झेलायला. एका दुकानाच्या काचेमागे कपडे नसलेला पुतळा, त्याला कोणीतरी लाज वाटून पेपर गुंडाळलाय. लहान मुलांची आगगाडी एका कोपऱ्यात उभी आणि तिचा ड्रायव्हर पहिल्या डब्यात झोपलेला. एसी बंद, त्यामुळे दारं सताड उघडी, म्हणजे आता या बंदिस्त मॉलमध्ये बाहेरपेक्षा जास्त उकडतं.

लिफ्टवर कागद, 'मेंटेनन्स चालू आहे', कागद पिवळा पडलेला. राहिला तो जिना. आणि तो बंद.

आई त्याच्यासमोर उभी राहिली, जरा निरखलं, पाऊल पुढे केलं, मागे घेतलं, सवयीने. पायरी कुठेच गेली नाही. मग तिचा चेहरा असा काही खुलला म्हणून सांगू! "अरे, हा तर साधाच जिना आहे!" आणि ७७ वर्षांची बाई तो सगळा जिना चढून गेली, मध्ये दोनदा थांबली, एकदा म्हणाली पायऱ्या मेल्याने उंच केल्यात, पण वर पोचल्यावर मागे वळून अशी बघितली जणू काही रायगड सर केलाय. "फोन लाव बाबांना." बाबांच्या गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिलाय, ते घरी होते. आईने फोनवर एवढंच सांगितलं, "चढले मी." पलीकडून बराच वेळ आवाज नाही, मग बाबा म्हणाले, "चालू होता की बंद?" आईने फोन कट केला.

दवाखान्यात डोळ्यात थेंब घातले, बाहुल्या मोठ्या होईपर्यंत बसा म्हणाले. शेजारी मोबाइल कव्हरवाला, उभ्या मजल्यावर तेवढंच एक दुकान चालू, त्याला विचारलं असं कसं झालं हो. त्याने सांगितलं ते साधं होतं: बिल्डरने दुकानं एकेक करून विकली, जितकी दुकानं तितके मालक, कोणी कोणाचं ऐकत नाही, मेंटेनन्स कोणी भरत नाही, त्यात खालचं मोठं दुकान गेलं आणि त्याच्याबरोबर गिऱ्हाईक गेलं. आणि उरलेलं फोनवर गेलं. हे सांगताना तो स्वतः फोनवर कव्हरांची ऑनलाइन ऑर्डर पॅक करत होता.

मग मीही वेळ घालवायला फोनवर वाचत बसलो. मॉल ही मूळ कल्पना ज्याची, तो व्हिक्टर ग्रुएन, व्हिएन्नाचा आर्किटेक्ट, हिटलर आला तेव्हा १९३८ मध्ये अमेरिकेत पळाला. तिकडे मिनेसोटात थंडी मरणाची, तर ह्याने १९५६ मध्ये साउथडेल नावाचं सगळंच छताखाली घेतलेलं बाजारपेठेचं गावच बांधलं, मध्ये चौक, झाडं, पक्ष्यांचा पिंजरा, म्हणजे त्याच्या मनात व्हिएन्नाचा चौक होता, लोकांनी यावं, बसावं, गप्पा माराव्यात. लोकांनी चौक सोडला आणि दुकानं आणि पार्किंग तेवढं उचललं, ते जगभर. म्हातारपणी तो वैतागून व्हिएन्नाला परत गेला आणि १९७८ मध्ये जाहीर बोलला की ही पोरं माझी नाहीत, ह्यांची पोटगी मी भरणार नाही, आणि तिकडे त्याच्या व्हिएन्नाच्या वेशीवरही तोवर एक मॉल उभा राहिला होता. मला त्याचं फार वाईट वाटलं. आमच्या इथे असता तर कोपऱ्यात आगगाडीवाल्याशेजारी बसला असता, चौकात गप्पा मारणारे एवढे दोघेच झाले असते.

तो क्रॉसरोड्सही शोधला. तो पुढे बिग बाजारवाल्या फ्यूचर ग्रुपकडे गेला, नाव सोबो सेंट्रल झालं, मग दुकानं जात राहिली, ओस पडला, आणि आता तर दुसऱ्याच बिल्डरकडे गेलाय. बसमधून बघितला तेवढाच आमच्या नशिबी होता म्हणायचा.

तपासणी झाली, आई बाहेर आली ती चौकाच्या कठड्यापाशी थबकलीच. "अगंबाई, केवढे दिवे लावलेत रे! तेव्हासारखे!" थेंब घातलेल्या डोळ्यांना सगळंच झगमगत असतं. वरच्या निम्म्या ट्यूब बंद होत्या, चालूपैकी एक फडफडत होती. मी म्हटलं हो, दिवाळी जवळ आलीय ना.

उतरायला जिन्यापाशी आलो तर खालून वॉचमन पळत आला, हातात किल्ली. "आजी, थांबा थांबा! चालू करून देतो. तुमच्यासाठी."

आईने दोन्ही हातांनी कठडा पकडला. "नको रे बाळा. आत्ता कुठे आमची ओळख झालीय."

मग ती एकेक पायरी चाचपत उतरली, तो पुढे, मी मागे, दिवसभरात जिन्यावर एवढी वरात बहुतेक पहिलीच. खाली पोचल्यावर तिने पर्स उघडली, मला वाटलं काळा चष्मा काढतेय, तर चिवड्याची पुडी. "घे. घरचाय."

ह्याने लगेच घेतली.