दुसरी सिस्टीम टाकल्याने विंडोज ‘उडत’ नाही

विंडोजच्या जोडीला लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाकणाऱ्यांसाठी एक संदेश सध्या हातोहात फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : लिनक्स टाकताच विंडोजचा बूट विभाग (तिला सुरू करणारा डिस्कचा भाग) पुसला जातो, म्हणून विंडोज दिसेनाशी झाली तर संपूर्ण डिस्क फॉरमॅट करावी, घड्याळ चुकू लागले तर मदरबोर्डवरचा सेल गेला असे समजावे, विंडोजच्या ड्राइव्हवर लिनक्समधून लिहिता येत नसेल तर तो ड्राइव्ह खराब झाला, सिक्युअर बूट (विश्वासू सही नसलेले सॉफ्टवेअर सुरू होऊ न देणारी सोय) कायमचे बंद ठेवावे, आणि इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये (संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) डिस्कचा मोड बदलावा. यातला पहिला सल्ला मानून माझ्या परिचयातल्या एका विद्यार्थिनीने आपल्या प्रकल्पाचे सगळे काम स्वतःच्या हाताने पुसले. फॉरमॅट करण्यापूर्वी तिने पडद्याचे छायाचित्र काढले होते. त्यात विंडोजचा एनटीएफएस (विंडोजच्या फाइल-मांडणीचा) विभाग पूर्ण आकारासह जागेवर दिसत होता.

या समजुतीला एके काळी आधार होता, हे मान्य केले पाहिजे. जुन्या बायोस पद्धतीत डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये बूट कोडसाठी ४४६ बाइट एवढीच जागा असे आणि तिथे एकाच सिस्टीमचा कोड मावत असे. नवा आला की जुना जाई. यूईएफआय (बायोसची जागा घेणारी नवी पद्धत) असलेल्या संगणकात मात्र ईएफआय सिस्टीम पार्टिशन नावाचा एक छोटा फॅट३२ विभाग असतो, त्यात मायक्रोसॉफ्टचा फोल्डर वेगळा आणि उबुंटूचा (लिनक्सच्या एका प्रकाराचा) वेगळा. कोणाला आधी हाक मारायची याचा क्रम मदरबोर्डच्या स्मृतीत नोंदलेला असतो. लिनक्सचा इन्स्टॉलर या यादीत स्वतःचे नाव वर चढवतो. विंडोजचे नाव खाली सरकते, पण खोडले जात नाही. त्यामुळे विंडोज दिसली नाही तर सर्वांत आधी संगणक सुरू होताना बूट मेन्यू उघडावा. तिथे ‘विंडोज बूट मॅनेजर’ ही ओळ दिसली आणि ती निवडल्यावर विंडोज सुरू झाली, तर बिघाड फक्त क्रमाचा किंवा ग्रबच्या (सुरुवातीला कोणती सिस्टीम हवी ते विचारणाऱ्या लिनक्सच्या प्रोग्रामच्या) यादीचा आहे.

ग्रबच्या यादीतून विंडोज गायब होण्याचे एक कारण तर अगदी साधे आहे. २०२१ मध्ये आलेल्या ग्रब २.०६ पासून इतर सिस्टीम शोधणारे ओएस-प्रोबर हे साधन मुळातच बंद ठेवलेले असते. ग्रबच्या सेटिंग फाइलमध्ये ते चालू करून यादी पुन्हा तयार केली की बहुतेक वेळा विंडोजचे नाव परत येते. तरीही आले नाही, तर लिनक्स जुन्या बायोस मोडमध्ये टाकले गेले आहे का हे तपासावे, कारण त्या मोडमधला ग्रब यूईएफआयवरची विंडोज सुरू करू शकत नाही. एकच पेनड्राइव्ह बूट मेन्यूत दोनदा दिसतो, त्यातली ‘यूईएफआय’ लिहिलेली ओळ न निवडल्याने हे घडते.

संदेशातले ‘पुसले जाणे’ दोनच ठिकाणी खरे ठरते. इन्स्टॉलरमध्ये संपूर्ण डिस्क पुसण्याचा पर्याय निवडला, तर डेटा खरोखरच जातो. स्वतः विभाग पाडताना ईएफआय विभागापुढे फॉरमॅटची खूण राहिली, तर विंडोजचा बूटलोडर (तिला सुरू करणारा प्रोग्राम) जातो. पण तेव्हाही विंडोज आणि फाइली शाबूत असतात आणि विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून बीसीडीबूट ही आज्ञा चालवून तो बूटलोडर पुन्हा लिहिता येतो.

घड्याळाचा सेलशी संबंध क्वचितच असतो. हार्डवेअरच्या घड्याळातली वेळ विंडोज स्थानिक मानते, तर लिनक्स तिला यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) मानते. म्हणून चूक नेमकी तुमची स्थानिक वेळ आणि यूटीसी यांच्यातल्या फरकाएवढीच असते. सेल गेला असता तर वेळ इतकी मोजून-मापून चुकली नसती. दोहोंपैकी एका सिस्टीमला दुसरीची पद्धत सांगितली की प्रश्न मिटतो.

ड्राइव्हचेही तसेच. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप ही सोय असते. ‘शट डाउन’ केल्यावर विंडोज पूर्ण बंद न होता अर्धी निद्रिस्त होते आणि तिचा ड्राइव्ह अर्धवट अवस्थेत राहतो. लिनक्स त्यावर लिहायला नकार देते ते तुमच्या फाइली जपण्यासाठी. फास्ट स्टार्टअप बंद करून विंडोज एकदा पूर्ण बंद करावी. जबरदस्तीने ड्राइव्ह जोडू नये.

सिक्युअर बूटबद्दलचा सल्ला दहा-बारा वर्षांपूर्वी समजण्यासारखा होता. आज उबुंटू, फेडोरा आणि डेबियन १० पासून पुढे, लिनक्सच्या या सर्व प्रकारांकडे मायक्रोसॉफ्टची सही असलेला शिम (ग्रबच्या आधी चालणारा छोटा प्रोग्राम) असतो आणि ते सिक्युअर बूट चालू ठेवूनच इन्स्टॉल होतात. अडचण येते ती बहुधा एनव्हिडियासारख्या बाहेरच्या ड्रायव्हरपाशी : पहिल्या रीस्टार्टला एक निळा पडदा येतो, जेमतेम दहा सेकंद थांबतो, आणि तिथे ‘एनरोल एमओके’ (ड्रायव्हरच्या सहीची चावी नोंदवणे) निवडून इन्स्टॉल करताना दिलेला पासवर्ड टाकावा लागतो. हा पडदा हुकला की ड्रायव्हर चालत नाही आणि दोष सिक्युअर बूटला दिला जातो. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने जुने शिम नाकारल्यामुळे अनेकांचे लिनक्स सुरू होईना, हे खरे आहे. पण तेव्हाही दुरुस्ती होईपर्यंतच सिक्युअर बूट बंद ठेवून ती झाल्यावर पुन्हा चालू करणे पुरेसे होते.

शेवटचा सल्ला अर्धा खरा आहे आणि म्हणूनच मला तो सर्वांत धोक्याचा वाटतो. डिस्क इंटेलच्या रेड (RAID, अनेक डिस्क एकत्र वापरण्याच्या) मोडमध्ये असेल तर इन्स्टॉलरला ती दिसत नाही आणि एएचसीआय हा साधा मोड करावा लागतो, इथपर्यंत बरोबर. पण तो थेट बदलला तर विंडोज ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणत निळ्या पडद्यावर अडकते. आधी विंडोजला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगावे, मग मोड बदलावा. सेफ मोडमध्ये ती योग्य ड्रायव्हर उचलते आणि त्यानंतर नेहमीसारखी सुरू होते. त्याहीपूर्वी डिस्कवर बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते पाहावे. अनेक लॅपटॉपवर तो मालकाच्या नकळत चालू असतो आणि फर्मवेअरमध्ये (बायोस किंवा यूईएफआयमध्ये) असा बदल होताच ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती आधीच कागदावर उतरवून घ्यावी किंवा दुसऱ्या उपकरणात ठेवावी; त्याच डिस्कवर ठेवलेली की त्या क्षणी वाचता येत नाही.