एमी ग्रँटने प्रभूला विकलं नाही : ‘एक विश्वासी’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

‘एक विश्वासी’ यांना प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

अमेरिकन ख्रिस्ती गायिका एमी ग्रँटच्या १९९१ सालच्या ‘हार्ट इन मोशन’ या अल्बमवर मी लिहिलं, त्यावर तुमची प्रतिक्रिया आली. तुमचं म्हणणं असं : अल्बममध्ये येशूचं नाव शेवटच्या ‘होप सेट हाय’ या गाण्यात तेवढं येतं, त्याचा खप बघून रेकॉर्ड कंपन्या ख्रिस्ताचं नाव गाळून ख्रिस्ती गाणी विकायला शिकल्या, त्यातल्या ड्रम-कीबोर्डचे आवाज आता जुनाट वाटतात. आणि मग हे वाक्य : ‘बाजारासाठी तिने प्रभूला विकलं आणि तुम्ही टाळ्या वाजवता, कारण उपासनेचं संगीत म्हणजे काय हे तुम्हाला कधी कळलंच नाही.’

आवाजाचं मान्य. ‘हॅट्स’ किंवा ‘एव्हरी हार्टबीट’ सुरू झालं की साल लगेच कळतं. ते नाकारण्यात अर्थ नाही.

पण ‘कधी कळलंच नाही’ हे तुम्ही कशाच्या जोरावर लिहिलंत? माझे वडील नगरच्या आमच्या मंडळीत रविवारी पेटी वाजवायचे. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं मी वाचायला शिकण्याआधी पाठ केली, कारण घरात सरावाला दुसरं काही चालतच नसे. पुढे गायनमंडळात मी कीबोर्ड धरला, आजही धरतो. नाताळच्या पहाटे थंडीत बोटं वळत नसतात तेव्हाही धरतो. मतभेद मला चालतात. पण ज्याला तुम्ही कधी पाहिलं नाही त्याच्या श्रद्धेचं माप एका ओळीत काढायचं आणि खाली स्वतःचं नावही लिहायचं नाही, याला मी विश्वासी माणसाची भाषा म्हणणार नाही. पाळकसाहेबही माझ्याशी असं बोललेले नाहीत.

आता ‘विकलं’ या आरोपाबद्दल. ‘बेबी बेबी’ एप्रिल १९९१मध्ये अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. हे गाणं तिने आपल्या तान्ह्या मुलीकडे बघून लिहिलं, चाल कीथ थॉमसची. व्हिडिओत तिच्यासोबत एक तरुण मॉडेल दिसला म्हणून अमेरिकेतल्या कितीतरी ख्रिस्ती लोकांनी तेव्हा तिला धारेवर धरलं. आईने लेकरावर गाणं लिहिणं हा प्रभूचा सौदा कसा होतो, हे त्यांनीही सांगितलं नाही आणि तुम्हीही नाही.

आणि ‘आस्क मी’? तुम्ही त्याचा उल्लेखसुद्धा केलेला नाही, म्हणून मला शंका येते की अल्बम तुम्ही नीट ऐकलेला नाही. लहानपणी घरातच अत्याचार सोसलेल्या मुलीचं ते गाणं आहे. ती पुन्हा पुन्हा आंघोळ करते, अंगावर आईचं अत्तर फवारते, तरी त्या माणसाचा वास मनातून जात नाही. मोठी झाल्यावरही बोळातला दिवा रात्रभर चालू ठेवते आणि घरात कुठे काही करकरतंय का म्हणून कान देऊन पडते. आधीच्या धृपदात गाणारी म्हणते, वर देव आहे का हे मला विचारा, तिच्या त्या लाजेच्या वेळी तो होता कुठे? शेवटाकडे ती म्हणते, आता तिलाच विचारा. उत्तर ती मुलगी देते, दयेचं आणि पुन्हा जिवंत होण्याचं. रेडिओवर चालावं म्हणून कुणी असं गाणं लिहीत नाही. वडिलांना इंग्रजी जेमतेम यायचं. मी अर्थ सांगितला तेव्हा पेटीचा भाता बंद करून ते म्हणाले, ‘हे ८८वं स्तोत्र आहे.’ ज्यांना ते स्तोत्र ठाऊक आहे, त्यांना हेही ठाऊक आहे की ते अंधारातच संपतं आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. उपासनेचं संगीत मला त्या माणसाने शिकवलं, म्हणून तुमचं ते वाक्य मला इतकं लागलं.

नावं मोजायचीच असतील तर टिळकांपासून सुरुवात करा. ‘केवढे हे क्रौर्य!’ आपण सगळे शाळेत शिकलो. जखमी पक्षीण पिलांसाठी चोचीत चारा घेऊन कशीबशी घरट्याशी येते आणि प्राण सोडते. त्यात ख्रिस्ताचं नाव कुठे आहे? रेव्हरंड टिळकांनी प्रभूला विकलं असं म्हणायची तुमची तयारी आहे का?

शिवाय ‘एज टू एज’वर १९८२ साली ‘एल शद्दाय’ (देवाचं हिब्रू नाव) हे गाणं गाणारी हीच बाई, आणि २००२मध्ये ‘लेगसी’ हा जुन्या उपासनागीतांचा अल्बम काढणारीही हीच. विकून टाकलेल्या वस्तूकडे कुणी असं परत जात नाही.

रेकॉर्ड कंपन्या पुढे काय शिकल्या, हा धंद्याचा विषय आहे. त्याचा जाब एमी ग्रँटला विचारण्यात हशील नाही आणि मी इथे त्यात शिरणार नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुढची लिहाल तेव्हा ‘आस्क मी’ ऐकून लिहा, आणि खाली तुमचं नाव असू द्या.