एच.ए.चा ताळेबंद आणि औषधउद्योगाचा पाया : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

भारतातला औषधउद्योग सरकारी धोरणाशिवाय उभा राहिला नसता, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही सविस्तर आणि कडक प्रतिक्रिया दिलीत. बाकीच्या वाचकांसाठी तिचा गोषवारा देतो. उद्योग उद्योजक उभे करतात, सरकार फक्त वाट अडवतं. पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी औषधकंपनी हा त्याचा ढळढळीत पुरावा. १९७० चा पेटंट कायदा म्हणजे दुसऱ्याच्या संशोधनावर मारलेला डल्ला. जे काही भलं झालं ते १९९१ नंतर, सरकार बाजूला झाल्यावर. आणि आता पीएलआयच्या, म्हणजे उत्पादनाच्या प्रमाणात द्यायच्या सरकारी अनुदानाच्या, नावाने तोच जुना खेळ पुन्हा कशाला?

पिंपरीपासूनच सुरुवात करतो, कारण तुमचा सगळा भर तिच्यावर आहे.

तिकडे लोक तिला नुसतं 'एच.ए.' म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने १९५४ मध्ये ही कंपनी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं. पेनिसिलिन बनवायचं म्हणजे हजारो लिटरच्या टाकीत बुरशी वाढवायची, तिला सतत निर्जंतुक हवा द्यायची, तापमान आणि आम्लता तासातासाला सांभाळायची. बाहेरचा एखादा जंतू आत शिरला की अख्खी बॅच गटारात. हे काम पुस्तक वाचून येत नाही, रात्रपाळीत टाकीपाशी उभं राहूनच अंगात मुरतं. स्वातंत्र्यानंतर सातआठ वर्षांत आपल्याकडे अशी शाळा सुरू झाली. ती नुसती परदेशी तंत्र गिरवत बसली नाही. तिथल्या प्रयोगशाळेत थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतल्या एका जीवाणूपासून हमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधून काढलं. त्या जीवाणूचं शास्त्रीय नावच 'स्ट्रेप्टोमायसीस पिम्प्रिना' आहे.

पुढे कंपनी आजारी पडली, पगार थकले, २०१६ मध्ये केंद्राला तिची जास्तीची जमीन विकून देणी भागवायचा निर्णय घ्यावा लागला. यातलं काहीच मी नाकारत नाही. मालाची किंमत सरकार ठरवणार, मोठ्या गुंतवणुकीचा निर्णय मंत्रालयात अडकणार आणि बाजारात टिकायची जबाबदारी मात्र कारखान्यावर, अशा व्यवस्थेत दुसरं काय व्हायचं? पण तुम्ही फक्त ताळेबंद बघताय. तिथे शिकलेली माणसं आणि त्यांनी पुढे काय केलं, हे ताळेबंदात कुठल्याच रकान्यात येत नाही, आणि माझा मुद्दा नेमका तिथे आहे.

याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण हैदराबादचं आहे. १९६१ मध्ये सोव्हिएत मदतीने आयडीपीएल ही दुसरी सरकारी औषधकंपनी निघाली. ऋषिकेशला प्रतिजैविकं आणि हैदराबादला रासायनिक औषधं, अशी तिची वाटणी होती. तीही पुढे बंद पडली, म्हणजे तुमच्या यादीत तीही अपयशीच. पण हैदराबादच्या त्या कारखान्यात अंजी रेड्डी नोकरीला होते. डॉ. रेड्डीज ही कंपनी त्यांनी १९८४ मध्ये काढली. आज हैदराबादच्या आसपास औषधांच्या कारखान्यांची जी दाटी आहे, तिचा माग काढत गेलात तर वाट पुन्हापुन्हा आयडीपीएलपाशी येते.

आणि अंजी रेड्डी रसायनशास्त्र शिकले कुठे? मुंबईत माटुंग्याच्या यूडीसीटीमध्ये, म्हणजे आताच्या आयसीटीत, आणि मग पुण्याला पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, एनसीएलमध्ये. यूडीसीटी १९३३ ची, मुंबईच्या कापड गिरण्यांना रंग आणि रसायनांचे जाणकार हवे होते त्या काळातली. रंगरसायनांचे मोठे अभ्यासक के. वेंकटरामन तिचे पहिले भारतीय संचालक. पुढे तेच एनसीएलचेही पहिले भारतीय संचालक झाले. ए. व्ही. रामाराव हे त्यांचे विद्यार्थी, तेही माटुंगा आणि पाषाण याच वाटेने गेलेले. हैदराबादच्या सरकारी प्रयोगशाळेचे प्रमुख असताना रामारावांच्या गटाने एड्सवरच्या झिडोवुडिन या औषधाची स्वस्तात बनवायची प्रक्रिया बसवली आणि सिप्लाने १९९३ मध्ये ते औषध भारतीय बाजारात आणलं. यात उद्योजकांचं कर्तृत्व कमी आहे असं मी एका ओळीतही म्हटलेलं नाही. सिप्लाचे प्रमुख युसुफ हमीद किंवा अंजी रेड्डी यांच्यासारखी माणसं नसती तर ही प्रक्रिया प्रबंधातच पडून राहिली असती. पण उद्योजकाने हात पुढे केला तेव्हा हाताला लागण्यासारखं काहीतरी तिथे होतं, आणि ते पन्नास-साठच्या दशकांत सार्वजनिक पैशातून तयार झालेलं होतं.

आता 'डल्ला'. या शब्दाचा मला खरोखर राग आला, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

१९७० पर्यंत आपल्याकडे इंग्रजांच्या वेळचा १९११ चा पेटंट कायदा होता. औषधाच्या रेणूवरच पेटंट मिळायचं, त्यामुळे तेच औषध दुसऱ्या कुठल्याही पद्धतीने बनवायलाही बंदी. औषधांचा सुमारे दोन तृतीयांश बाजार परदेशी कंपन्यांकडे होता. अमेरिकी सिनेटच्या केफॉवर समितीने औषधांच्या किमतींची चौकशी केली तेव्हा भारतातल्या किमती जगातल्या सर्वांत चढ्या किमतींत मोडतात, असं तिला आढळलं. जगातल्या सर्वांत गरीब देशांपैकी एक, आणि औषधं सर्वांत महाग! न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ मध्ये या प्रश्नावर बारकाईने लिहिलेला अहवाल दिला. त्यातून १९७० चा कायदा आला आणि १९७२ पासून तो अमलात आला. औषधाच्या बाबतीत पेटंट उत्पादनाला नाही, फक्त प्रक्रियेला. त्याची मुदतही मंजुरीपासून पाच वर्षं किंवा अर्जापासून सात वर्षं, यांत जी कमी असेल ती.

याचा परिणाम कारखान्यात काय झाला ते बघा. रेणू तोच बनवायचा, पण मूळ कंपनीच्या वाटेने जाता येत नाही. मग सात पायऱ्यांचं काम पाचांत होतं का? महागड्या उत्प्रेरकाऐवजी साधा चालेल का? वाया जाणारं द्रावक परत वापरता येईल का? प्रत्येक पायरीला थोडा जास्त उतारा, म्हणजे तेवढ्याच कच्च्या मालातून जास्त माल, मिळाला तर किलोमागे खर्च किती उतरेल? हा विचार करणारे केमिस्ट शेकड्यांनी तयार झाले. कायद्याने कुणाला आयतं काही दिलं नाही, नवी वाट शोधायला भाग पाडलं. ही चोरी असेल तर ती करायला डोकं आणि दहा-दहा वर्षांची मेहनत लागली.

आणि चोर म्हणायचंच असेल तर यादी बरीच लांब होईल. जर्मनीने औषधावर उत्पादन-पेटंट द्यायला १९६८ मध्ये सुरुवात केली, स्वित्झर्लंडने १९७७ मध्ये, इटलीने १९७८ मध्ये, स्पेनने तर १९९२ मध्ये. बाझलच्या ज्या रसायनकंपन्यांकडे आज आपण संशोधनाचा आदर्श म्हणून बघतो, त्या एकोणिसाव्या शतकात इतरांच्या रंगांच्या नकला करत वाढल्या. स्वतःचं संशोधन उभं राहीपर्यंत प्रत्येकाने ही मोकळीक घेतली. आपल्या संसदेने तेच केलं, उघडपणे, कायदा करून. त्याचं फळ फक्त कंपन्यांना मिळालं असंही नाही. एड्सच्या तीन औषधांच्या उपचाराला पश्चिमेत वर्षाला दहा हजार डॉलरांहून जास्त खर्च येत होता. २००१ मध्ये सिप्लाने तो 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'ला ३५० डॉलरमध्ये देऊ केला, दिवसाला एका डॉलरहून कमी. आफ्रिकेतली किती माणसं त्यामुळे जगली याचा विचार करा आणि मग 'डल्ला' हा शब्द ठेवायचा की नाही ते तुम्हीच ठरवा.

तुमचा एक प्रश्न मात्र मोलाचा आहे. सरकारी संरक्षण इतकं गुणकारी होतं, तर मोटारींत अँबॅसेडर तीस-चाळीस वर्षं तशीच का राहिली, स्कूटरसाठी लोकांनी वर्षानुवर्षं नंबर का लावले? याचं उत्तर संरक्षणाच्या आत स्पर्धा होती की नाही, यात आहे. मोटार आणि स्कूटर यांत सरकारने बाहेरचा माल अडवला, आणि परवान्यांनी आतले प्रतिस्पर्धीही अडवले. किती गाड्या बनवायच्या तेही ठरवून दिलं. मग सुधारणा कोण आणि कशासाठी करणार? औषधांत परदेशी मक्तेदारी मोडली, पण तिच्या जागी देशी मक्तेदारी बसवली नाही. प्रक्रिया जमली की कुणीही यावं. तारापूरला, पाताळगंगेला, पुढे कुरकुंभला एमआयडीसीच्या गाळ्यांत छोटे कारखाने निघाले आणि एकमेकांच्या किमती पाडत राहिले. वरून १९७० आणि १९७९ चे किंमत नियंत्रणाचे आदेश होतेच. त्या आदेशांचं नुकसानही झालं, हे सांगायला हवं. नफा फार आवळल्यामुळे अनेक कंपन्यांनी मूळ औषधद्रव्य बनवण्यापेक्षा गोळ्या-कॅप्सुलांकडे मोर्चा वळवला.

यातच तुमच्या १९९१ च्या मुद्द्याचंही उत्तर आहे. निर्यात उदारीकरणानंतर उसळली, हे खरं. २०२३-२४ मध्ये ती सुमारे २८ अब्ज डॉलरवर गेली होती. पण निर्यात कुणी केली? आधीच्या वीस वर्षांत जे शिकून तयार होते त्यांनी. आणि सरकार खरोखर बाजूला झालं तिथे काय झालं, तेही बघा. आयात खुली झाली, चीनने प्रचंड क्षमतेचे किण्वनाचे, म्हणजे टाकीत बुरशी वाढवून औषध बनवायचे, कारखाने स्वस्त वीज आणि वाफ देऊन उभे केले, आणि पेनिसिलिन-जी बनवणारे आपले कारखाने एकामागून एक बंद पडले. १९५५ मध्ये पिंपरीत जमलेली विद्या आपण अशी हातची घालवली. अमॉक्सिसिलिनसारखी रोजची औषधं ज्या द्रव्यापासून बनतात, त्यासाठी आपण परक्यांवर अवलंबून राहिलो. बल्क ड्रगच्या, म्हणजे मूळ औषधद्रव्यांच्या, आयातीपैकी सुमारे दोन तृतीयांश माल चीनमधून येतो, आणि २०२० च्या सुरुवातीला वुहान बंद झालं तेव्हा दिल्लीला याची धडकी भरली.

सरकारचं मोठं अपयश मला वेगळ्याच ठिकाणी दिसतं. उद्योग वाढवला, पण त्यावर नजर ठेवणारी यंत्रणा त्या प्रमाणात वाढवली नाही. २०२२ मध्ये गाम्बियात साठहून अधिक मुलांच्या मृत्यूशी भारतात बनलेल्या खोकल्याच्या औषधाचा संबंध जोडला गेला. औषध निरीक्षक कमी, प्रयोगशाळा अपुऱ्या, राज्याराज्यांत वेगळी कडकाई. इथे सरकार जास्त नव्हतं, पुरेसं नव्हतं.

आता पीएलआय. बल्क ड्रगसाठी ६,९४० कोटींची योजना २०२० मध्ये आली आणि काकीनाड्याला पेनिसिलिन-जीचा मोठा खासगी प्रकल्प उभा राहिला. मला ही योजना हवी आहे, पण तुमची शंकाही रास्त वाटते, कारण पैसा मिळतो तोवर चालणारे कारखाने आपण पाहिलेले आहेत. म्हणून माझी मागणी अशी : अनुदान दरवर्षी उतरतं असावं, दर किलो उत्पादनखर्च आणि उतारा यांचे आकडे सरकारला द्यावे लागावेत, लक्ष्य चुकलं तर पैसा थांबावा, आणि एकाच द्रव्यासाठी एकाहून अधिक उत्पादक असावेत. चीनने मुद्दाम किंमत पाडली तर काही वर्षं आयात शुल्काचा आधारही द्यावा लागेल. त्यासोबत किण्वनाचं तंत्र शिकवणाऱ्या जागा एनसीएल आणि आयसीटीसारख्या संस्थांत वाढायला हव्यात, कारण टाकी विकत मिळते, ती चालवणारा माणूस घडवावा लागतो. यातली कुठली अट तुम्हाला अव्यवहार्य वाटते ते जरूर लिहा. त्या मुद्द्यावर पुढे बोलू.