नॅनो सिल्व्हरची कांडी टाकली म्हणून पाणी उकळायचं सोडू नका

माझी मावशी पुण्यात धायरीला राहते. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या पट्ट्यात जीबीएसचे (गिलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण एकामागून एक सापडू लागले, हातापायातली शक्ती जाऊन माणसं थेट अतिदक्षता विभागात पोचली. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस आढळले. तेव्हापासून मावशी पाणी उकळून पीत होती. परवा गेले तर गॅसवरचं पातेलं गायब आणि माठात एक करड्या रंगाची कांडी. "आता उकळायची गरज नाही गं," म्हणाली आणि मोबाइल पुढे केला.

तो मेसेज तुमच्याकडेही आला असेल. थोडक्यात असा: नॅनो सिल्व्हरची, म्हणजे चांदीच्या अतिसूक्ष्म कणांची, कांडी पाण्यात टाका, पाच मिनिटांत ९९.९ टक्के जंतू मरतात. आपले पूर्वज तांब्या-चांदीच्या भांड्यात पाणी ठेवत ते यासाठीच. नासासुद्धा अंतराळात चांदीच वापरते. क्लोरीनने कॅन्सर होतो, उकळल्याने पाणी "मृत" होतं. कांडीने विषाणू, क्षार, आर्सेनिक सगळं निघतं, शिवाय चांदीचा अपाय शून्य.

मी पाण्याचे नमुने तपासण्याचं काम करते, त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना.

"पाच मिनिटांत ९९.९ टक्के जंतू मरतात"

चांदी जंतू मारते, यात खोटं काही नाही. पण ती कशी मारते ते कळलं की पाच मिनिटांचा दावा आपोआप गळून पडतो. नॅनोकण काही जंतूला गोळीसारखा जाऊन लागत नाही. तो चांदीचा साठा असतो. पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनमुळे त्याच्या पृष्ठभागावरून चांदीचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, हळूहळू सुटतात, ते जंतूच्या प्रथिनांमधल्या गंधकाला चिकटतात आणि त्याचं श्वसन, त्याची वाढ बंद पाडतात. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये हे नेमकेपणाने दाखवलं: ऑक्सिजन काढून घेतला, आयन सुटेनासे झाले, आणि तेच नॅनोकण जंतूंपुढे निष्प्रभ ठरले. म्हणजे मारतात ते आयन, आणि आयन सुटायला वेळ लागतो. त्यात आपल्या नळाचं, टँकरचं, बोअरचं पाणी हे प्रयोगशाळेतलं शुद्ध पाणी नव्हे. क्लोराइड, गाळ, सेंद्रिय घाण हे सगळे त्या आयनांना जंतूपर्यंत पोचण्याआधीच अडवतात.

मावशीच्या समोरच पाहिलं. टँकरच्या पाण्याने माठ भरला, एक नमुना कांडी टाकण्याआधी घेतला, एक पाच मिनिटांनी, एक दुसऱ्या दिवशी सकाळी. नमुना घेताक्षणी त्यातली चांदी निष्प्रभ करणारं द्रव्य घालावं लागतं. ते घातलं नाही तर बाटली प्रयोगशाळेत पोचेपर्यंत चांदी आपलं काम करतच राहते आणि अहवाल खोटाच "स्वच्छ" येतो. (कुणी तुम्हाला कांडीचा अहवाल दाखवला तर आधी हेच विचारा.) मग प्रत्येक नमुन्यातले जंतू वेगळ्या ताटलीत वाढवून पाहिले. पहिल्या ताटलीत ई. कोलायच्या (पाण्यात मैला मिसळल्याची खूण असलेल्या जिवाणूच्या) हिरवट, धातूसारखी झाक मारणाऱ्या वसाहती दाटीवाटीने उगवल्या होत्या. पाच मिनिटांच्या ताटलीत किंचित कमी. रात्रभर राहिलेल्या पाण्याच्या ताटलीत मात्र मोजक्याच. एका घरातली ही एक पाहणी, तिला संशोधन म्हणत नाही. पण मावशीला त्या तीन ताटल्या शेजारी शेजारी दिसल्या, तेवढं पुरलं.

आता ९९.९ या आकड्याकडे या. पेल्यात एक लाख जंतू असतील तर ९९.९ टक्के मेल्यावर शंभर उरतात. शिगेला हा रक्ती आव घडवणारा जंतू दहा ते शंभर एवढ्या संख्येनेही माणसाला आजारी पाडू शकतो. म्हणूनच पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, टक्केवारी नाहीच: १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय सापडताच कामा नये.

"पूर्वज तांब्यात पाणी ठेवत"

ठेवत, आणि त्यात तथ्य आहे. बंगळुरूच्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अतिसाराचे जंतू मिसळलेलं पाणी तांब्याच्या भांड्यात ठेवलं आणि जंतू वाढवता येईनासे झाले. पण ते भांडं १६ तास ठेवलेलं होतं. आपण रात्री दहाला तांब्या भरतो आणि सकाळी सहाला पितो, मध्ये तहान लागली तर त्यातूनच घेतो आणि वर पुन्हा भरतो. आणि पूर्वजांचंच म्हणाल तर पटकीने गावं रिकामी झाली ती याच पूर्वजांची, घरात तांब्याचे हंडे असताना.

"नासासुद्धा चांदीच वापरते"

अपोलोच्या काळात नासाने चांदीचे आयन सोडणारं यंत्र तयार करवलं होतं, हे खरं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या रशियन भागात आजही पाण्यात चांदी असते, अमेरिकी भागात आयोडीन. पण तिथे ती कधी घालतात ते मेसेजवाला सांगत नाही. पाणी आधी पूर्ण शुद्ध झालेलं असतं. साठवणीत पुन्हा जंतू वाढू नयेत म्हणून नंतर चांदी. घाण पाणी शुद्ध करणं आणि शुद्ध पाणी शुद्ध राखणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि चांदीचा हातखंडा दुसऱ्या कामात आहे. जागतिक आरोग्य संघटनाही चांदी हे पाणी निर्जंतुक करण्याचं मुख्य साधन म्हणून सुचवत नाही.

"विषाणू, क्षार, आर्सेनिक सगळं निघतं"

क्षार आणि आर्सेनिक कांडीने तसूभर कमी होत नाहीत. आर्सेनिक काढणारं नॅनो द्रव्य आहे, आयआयटी मद्रासच्या टी. प्रदीप यांच्या गटाने ते केलं, पण ते लोखंडाच्या संयुगाचं, चांदीचं नाही. "नॅनो" हा आकार झाला, गुण नव्हे. विषाणूंचं प्रकरण जास्त गंभीर आहे. इचलकरंजीत २०१२ मध्ये काविळीची साथ आली, माणसं दगावली, ती हिपॅटायटिस ई या विषाणूमुळे. जिवाणूंवरच्या चाचणीच्या भरवशावर अशा विषाणूला तोंड द्यायला कुणालाही सांगू नये. जाड कवचाचे जिआर्डिया, क्रिप्टोस्पोरिडियम हे परजीवी तर चांदीला दाद देत नाहीत. क्रिप्टोस्पोरिडियम क्लोरीनलाही देत नाही. उकळीपुढे मात्र तो टिकत नाही.

"क्लोरीनने कॅन्सर होतो"

क्लोरीन आणि पाण्यातली सेंद्रिय घाण यांच्यातून ट्रायहॅलोमिथेन ही कॅन्सरचा संशय असलेली संयुगं तयार होतात, आणि त्यांच्यावर मर्यादा घातलेल्या आहेत. पण जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट म्हटलंय की हा धोका अपुऱ्या निर्जंतुकीकरणाच्या धोक्यापुढे फार लहान आहे. टीसीएलची (ब्लीचिंग पावडरची) गोणी उचलणारा, पाण्यात क्लोरीन उरलंय का हे दाखवणारी ओटी चाचणी रोज नळाला लावून पिवळा रंग बघणारा गावचा जलसुरक्षक किती आजार अडवतो, हे साथ आल्याशिवाय कुणाच्या लक्षात येत नाही. आशाताई मेडिक्लोरची, म्हणजे क्लोरीनच्या द्रावणाची, बाटली देतात ती टाकून देऊ नका. आणि "मृत पाणी" असं काही नसतं. उकळल्याने मरतात ते जंतू.

"चांदीचा अपाय शून्य"

मानकात चांदीची मर्यादा लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम आहे. तेवढ्यात भीती नाही. बेहिशोबी चांदी वर्षानुवर्षं पोटात गेली तर कातडी कायमची निळसर-करडी होते. कांडी किती चांदी सोडते हे वेष्टनावर लिहिलेलं नसेल, तर शून्याची खात्री कशावरून?

हे सगळं वाचून नॅनो तंत्रज्ञानच थोतांड आहे असं कुणी समजू नये, मला उलट त्याचा अभिमान आहे. पुण्यातल्या टाटांच्या संशोधन केंद्रात भाताच्या तुसाच्या राखेवर काम झालं, त्यातून पुढे २००९ मध्ये "स्वच्छ" हा हजार रुपयांच्या आतला, विजेशिवाय चालणारा फिल्टर आला. त्यात पाणी राखेच्या थरातून झिरपतं आणि नॅनो सिल्व्हर त्या राखेलाच चिकटवलेलं असतं. सुमारे ३,००० लिटरनंतर पाणी आपोआप थांबतं, म्हणजे संपलेलं नळकांडं कुणी चुकून वापरत बसत नाही. आयआयटी मद्रासच्या गटाने २०१३ मध्ये जे मांडलं त्यातही खरी मेहनत क्षारांचा थर बसूनही चांदी सुटत राहील असं द्रव्य घडवण्यात होती. गाळणं, वेळ, मात्रा आणि मुदत, हे चारही तिथे मोजलेलं आहे. माठातल्या कांडीवर फार तर मात्रा लिहिलेली असते, बाकी काहीच नाही.

मावशीने पातेलं पुन्हा गॅसवर चढवलंय. खळखळून उकळी आली की झाकून गार करते आणि माठात ओतते. "मग ही कांडी टाकून देऊ का?" तिने विचारलं. वेष्टन वाचलं, चांदीचं प्रमाण दिलेलं होतं आणि मर्यादेत होतं. म्हटलं, उकळलेल्या पाण्याच्या माठात असू दे, फक्त ओगराळं लांब दांड्याचं घे आणि हात बुडवू नकोस.