‘अव्वल मानांकित संघावर लावलेला पैसा बुडत नाही’ : खुलासा

अमेरिकेत शिकणाऱ्या आपल्या मुलांमध्ये मार्च आला की एक मेसेज फिरतो : कॉलेज बास्केटबॉलच्या स्पर्धेत अव्वल मानांकित संघ सोळाव्या, म्हणजे गटातल्या सर्वात खालच्या मानांकिताकडून हरतच नाही, तेव्हा डोळे झाकून पैसे लावा.

हे खरं नाही. पुरुषांच्या स्पर्धेत 2018 पर्यंत अशा 135 लढती अव्वल संघांनीच जिंकल्या होत्या, म्हणून हा समज पक्का झाला. त्याच वर्षी यूएमबीसी या सोळाव्या मानांकित विद्यापीठाने अव्वल व्हर्जिनियाला 74-54 असं लोळवलं. मध्यंतराला 21-21 बरोबरी होती! 2023 मध्ये फेअरले डिकिन्सनने पर्ड्यूला 63-58 ने हरवलं. महिलांमध्ये तर हार्वर्डने 1998 सालीच स्टॅनफर्डला घरी पाठवलं होतं.

शिवाय बऱ्याच पैजा नुसत्या जिंकण्यावर नसतात, गुणांच्या फरकावर असतात. समजा, तुमचा संघ किमान नऊ गुणांनी जिंकायला हवा. दहाची आघाडी आहे, तुम्ही सोफ्यावरून उठून नाचताय. हरलेल्या संघातला कुणी पोरगा शेवटच्या सेकंदाला लांबून चेंडू फेकतो, तो आत जातो, तीन गुण, फरक सातवर. मैदानात तुमचाच संघ जल्लोष करतोय आणि तुमचे पैसे गेले. त्या क्षणी पोटात जो खड्डा पडतो, तोच ‘आता वसूल करतो’ म्हणत पुढची पैज लावायला लावतो. मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते.

नेहमीच्या दरात 100 डॉलर जिंकायला 110 लावावे लागतात. म्हणजे नुसती बरोबरी साधायलासुद्धा शंभरातल्या 52 हून अधिक पैजा जिंकाव्या लागतात.

मेसेज पुढे पाठवला असेल, तर हेही त्याच मुलांना पाठवा.