अर्ध्या तासाचं काम

राउटिंग (कुठल्या पत्त्यावर आलेली मागणी कोडच्या कुठल्या भागाकडे जाईल, ते ठरवणं) म्हणजे अर्ध्या तासाचं काम, असं मी सोमवारी सकाळी सगळ्यांसमोर म्हणालो. ते बरोबर सगळ्यांच्या लक्षात राहिलं.

काम होतंही तेवढंच. '/ऑर्डर्स/:आयडी' हा राउट आधीपासून होता. नंबर द्या, ऑर्डर घ्या. मला त्याखाली '/ऑर्डर्स/लेटेस्ट' जोडायचा होता. जोडला, चालवला. डेटाबेस म्हणाला, 'लेटेस्ट' हा पूर्णांक नाही. एवढं मलाही ठाऊक होतं.

दुपारपर्यंत मी डेटाबेसवरच संशय घेत बसलो. टेबल तपासलं, कनेक्शन तपासलं, सर्व्हर चार वेळा बंद-चालू केला (हा उपचार नव्हे, नवस असतो). तो बिचारा खरं बोलत होता. एक्सप्रेस, म्हणजे आमचा सर्व्हर ज्या फ्रेमवर्कवर लिहिलाय ते, राउट लिहिल्या क्रमानं वरून खाली बघतं आणि पहिला जुळला की त्याच्याच हवाली करतं. '/:आयडी' दारातच मांडी ठोकून बसलेला. येईल त्याला नंबर समजून आत ढकलत होता. माझा नवा राउट खाली ताटकळत. दोन ओळींची अदलाबदल केली, सुटलं. कमिटमध्ये (कोडमधला बदल जतन करतानाच्या नोंदीत) 'राउटिंग लेयरची पुनर्रचना' असं लिहिलं. फजिती झालीच आहे, तर निदान भारदस्त दिसू दे.

गो भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीत १.२२ पासून, म्हणजे २०२४ पासून, क्रम कसाही असो, जास्त नेमका राउट जिंकतो. ही माहिती एका सहकाऱ्यानं मला दिली. मी विचारली नव्हती.

संध्याकाळी फ्रंटएंडवाली (पडद्यावर दिसणारा भाग तिचा) आली. "अरे, नवी ऑर्डर टाकली की जुन्या ऑर्डरींची यादी येते. वर २००!"

म्हणजे ऑर्डर गायब, आणि सर्व्हर म्हणतोय सगळं उत्तम. ४०४ परवडला, निदान तो तोंडावर नाही म्हणतो. तिच्या यूआरएलच्या शेवटी एक स्लॅश होता. असे स्लॅश मी टापटिपीच्या हौसेनं ३०१ ('पत्ता कायमचा बदलला') देऊन बिनस्लॅशच्या पत्त्यावर पाठवत होतो. आणि ३०१ मिळाला की ब्राउझर पोस्टचं ('हे घ्या'चं) गेट ('ते द्या') करतो, बॉडी, म्हणजे सोबत पाठवलेली माहिती, वाटेत टाकून देतो. ३०८ दिला असता, तर पोस्ट पोस्टच राहिलं असतं. तो दिला.

तरी मी तोऱ्यात विचारलं, "पण शेवटी स्लॅश द्यायला तुला सांगितलं कुणी?"

तिनं काही न बोलता चॅट उघडून दाखवलं. 'सर्वांनी यूआरएलच्या शेवटी न चुकता स्लॅश द्यावा.' गेल्या महिन्यातला निरोप, माझाच. खाली तिनं दिलेला अंगठाही होता.